काडापासून इंधन: साठ अंशांवरचा हिशेब

साशंक: काडीकचऱ्यापासून इंधन म्हटलं की मला आधी बंद पडलेले कारखाने आठवतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात ह्यूगोटन इथं अबेंगोआ कंपनीनं 2014 मध्ये मोठा कारखाना उघडला, पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्याला कुलूप लागलं. ड्यूपाँटनं आयोवातल्या नेवाडा गावी मक्याच्या धाटांपासून वर्षाला सुमारे 11 कोटी लिटर इथेनॉल काढायचं ठरवून 2015 मध्ये कारखाना सुरू केला आणि 2017 मध्ये बंद केला. इटलीतला क्रेशेंटिनोचा कारखाना 2013 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये थांबला. रुमानियात पोदारी इथं क्लॅरियंटनं गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना उभारला, तो बंद करण्याचा निर्णय डिसेंबर 2023 मध्ये झाला. अमेरिकेच्या 2007 च्या कायद्यात 2022 सालासाठी 1600 कोटी गॅलन सेल्युलोज-इंधनाचं उद्दिष्ट होतं. द्रवरूप सेल्युलोज-इथेनॉल त्याच्या एक टक्क्यालाही पोचलं नाही. भांडवल होतं, सरकारचं पाठबळ होतं, नामवंत शास्त्रज्ञ होते, तरी हे झालं. आता त्याच कामाला उष्णतेत वाढणारे जिवाणू लावायचे म्हणता. त्यांच्यामुळं यातलं नेमकं काय बदलणार?

उत्साही: यादी खरी आहे. पण त्यातल्या एकाही कारखान्यात हे जिवाणू नव्हते. तिथली रीत साधारण एकच होती. आधी काड बारीक करायचं. मग ते दीड-दोनशे अंशांच्या वाफेत, कधी आम्ल घालून, शिजवायचं. मग ते गार करून त्यात वेगळे तयार केलेले एन्झाइम टाकायचे आणि सेल्युलोजची साखर होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर आणखी गार करून ती साखर आंबवायची. हे एन्झाइम मुख्यतः ट्रायकोडर्मा रीसाय नावाच्या बुरशीपासून मिळतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचे तंबू आणि कापड कुजवणारी बुरशी ती हीच. तिला वेगळ्या टाक्यांत, हवा खेळवत, खाऊ घालून वाढवावं लागतं, तेव्हा एन्झाइम तयार होतात. म्हणजे काडातली साखर मोकळी करण्यासाठी आधी दुसरीकडं पैसा आणि अन्न खर्च करायचं. या कारखान्यांच्या हिशेबात एन्झाइमचा खर्च कायम डोकं वर काढत राहिला.

क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम या जिवाणूचं तसं नाही. 1926 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. कुजणारा पालापाचोळा, शेणखत, तापलेला कंपोस्टचा ढीग इथं तो राहतो. 60 अंशांच्या आसपास, हवा नसलेल्या जागी तो जोमानं वाढतो. सेल्युलोज तोडणारे एन्झाइम तो स्वतः बनवतो, सुटलेली साखर स्वतः खातो आणि इथेनॉलही स्वतःच बाहेर टाकतो. तीन टाक्यांचं काम एका टाकीत. 1983 च्या सुमारास इस्रायलमध्ये राफाएल लामेद आणि एडवर्ड बायर यांनी दाखवलं, की याचे एन्झाइम सुटे सुटे फिरत नाहीत, एका लांब प्रथिनावर शेजारी शेजारी बसवलेले असतात. ऊसतोडीच्या टोळीत एकानं कोयता चालवायचा, दुसऱ्यानं वाढं छाटायचं, तिसऱ्यानं मोळी बांधायची, सगळं एकाच सरीवर. तसं हे काम चालतं. या रचनेला सेल्युलोसोम म्हणतात. प्रयोगशाळेत सेल्युलोज फोडण्याचं हे काम डोळ्यांनी दिसतं. बंद नळीत गाळणकागदाची पांढरी पट्टी आणि हा जिवाणू घालून नळी 60 अंशांवर ठेवली, की पट्टी आधी पिवळी पडते, कारण सेल्युलोजला चिकटताना जिवाणू पिवळा रंग सोडतो. मग ती मऊ होते, तिच्या चिंध्या होतात आणि शेवटी तळाशी थोडा गाळ उरतो. आम्ल नाही, विकतचे एन्झाइम नाहीत.

साशंक: गाळणकागद म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. शेतकऱ्याच्या बांधावर गाळणकागद उगवत नाही. काडात सेल्युलोज साधारण पस्तीस ते पंचेचाळीस टक्के, हेमिसेल्युलोज वीस ते तीस टक्के आणि या दोघांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन पंधरा ते पंचवीस टक्के. लिग्निन हा जिवाणू खात नाही. हेमिसेल्युलोज तो काही प्रमाणात फोडतो, पण त्यातून सुटणारी झायलोजसारखी पाच कार्बनची साखर त्याला पचत नाही. म्हणजे काडातला मोठा हिस्सा त्याच्या हाताबाहेरच राहतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जिवाणू तुमच्यासाठी इथेनॉल करत नाही, तो स्वतःच्या जगण्यासाठी ऊर्जा मिळवतो. त्यासाठी तो ॲसिटिक आम्ल करतो, लॅक्टिक आम्ल करतो, फॉर्मिक आम्ल करतो, हायड्रोजन सोडतो. इथेनॉल त्या भाऊगर्दीतला एक पदार्थ आहे. आणि स्वतःच केलेलं इथेनॉल थोडं साचलं, की तोच मंदावतो. आपल्याकडच्या डिस्टिलरीत मळी आंबवल्यावर वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, आठ-दहा टक्के अल्कोहोल येतं. या जिवाणूच्या चांगल्या, सुधारलेल्या वाणानं लिटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम दिलं तर ती बातमी होते. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या खाली गेलं की ते पाण्यातून वेगळं करायला लागणारी वाफ झपाट्यानं वाढते. एन्झाइमचे वाचलेले पैसे बॉयलरखाली जाळायचे असतील तर एकूण फायदा कुठं राहिला?

उत्साही: या दोन्ही अडचणींवर काम झालेलं आहे, ते मोजल्याशिवाय निकाल देऊ नका. थर्मोॲनेरोबॅक्टेरियम सॅकरोलिटिकम नावाचा दुसरा उष्णताप्रेमी जिवाणू झायलोज आवडीनं खातो. त्याच्यातली आम्लं बनवणारी जनुकं काढून टाकली, की त्याच्यापुढं इथेनॉलशिवाय वाट राहत नाही. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजातल्या ली लिंड यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये हे करून दाखवलं. पुढं त्याच जिवाणूच्या वाणांनी लिटरला सत्तर ग्रॅमपर्यंत मजल मारली. ती पातळी डिस्टिलरीला परकी नाही. हे दोन जिवाणू एकत्र नांदवले तर एक सेल्युलोज फोडतो आणि दुसरा झायलोज संपवतो.

आणि तिसरा एक आहे, कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेस्की. रशियाच्या पूर्व टोकाला कामचाटकातल्या गरम झऱ्यांमधून तो मिळाला. पाऊणशे अंशांच्या पुढं तो सुखानं वाढतो आणि आम्ल-वाफेची कसलीही पूर्वतयारी न केलेलं गवत खातो. त्याचा सेल-ए हा एन्झाइम सेल्युलोजच्या धाग्याच्या टोकापासून खात जाण्यावर थांबत नाही, धाग्याच्या अंगातच खड्डे पाडत जातो. 2013 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ते खड्डे दिसले. 2014 मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या जिवाणूत इथेनॉल बनवणारं जनुक घातलं आणि स्विचग्रास या गवतापासून, कोणतीही पूर्वप्रक्रिया न करता, थेट इथेनॉल मिळवलं.

लिग्निनबद्दल म्हणाल, तर लिंड यांच्याच गटानं आणखी एक साधी गोष्ट करून पाहिली. काड आधी शिजवण्याऐवजी जिवाणूंचं काम चालू असताना मधेच दळलं. मऊ झालेलं काड सहज दळतं आणि आत दडलेलं सेल्युलोज जिवाणूंना उघडं पडतं. गवतातल्या कर्बोदकांचा निम्म्याहून कमी भाग विरघळत होता, तो या दळण्यानं जवळजवळ दुप्पट झाला. आम्लाशिवाय.

साशंक: तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्याच एकत्र ठेवल्या की माझा मुद्दा पुरा होतो. सत्तर ग्रॅम देणारा जिवाणू सेल्युलोज फोडू शकत नाही. त्याला तयार साखर द्यावी लागते. सेल्युलोज फोडणारा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचायला धडपडतो. आणि पूर्वप्रक्रियेशिवाय गवत खाणाऱ्या बेस्कीनं 2014 मध्ये जे इथेनॉल दिलं, ते लिटरमागे एक ग्रॅमसुद्धा नव्हतं. खाण्याची ताकद एकाकडं, काढून देण्याची दुसऱ्याकडं, आणि पूर्वतयारी टाळण्याची तिसऱ्याकडं. तिन्ही गुण एका टाकीत आणणं हाच खरा प्रश्न आहे.

हे मी एकटा म्हणत नाही. लिंड जिच्या स्थापनेत होते त्या मॅस्कोमा कंपनीनं 2005 मध्ये याच कल्पनेवर सुरुवात केली होती. पुढं तिनं यीस्ट सुधारण्याकडं मोहरा वळवला आणि 2014 मध्ये तो यीस्टचा व्यवसाय लॅलमंड कंपनीनं घेतला. ज्यांना या जिवाणूंची सर्वांत जास्त जाण होती, त्यांनाही बाजारात टिकायला जुन्या यीस्टकडं परतावं लागलं.

उत्साही: मूलभूत शोधांना वेळ लागतो. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात थॉमस ब्रॉक यांना 1966 मध्ये गरम झऱ्यात थर्मस ॲक्वाटिकस सापडला, तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कुणाला सांगता आलं नसतं. त्याच जिवाणूच्या एन्झाइमवर वीस वर्षांनी पीसीआर हे डीएनएच्या प्रती काढणारं तंत्र उभं राहिलं आणि कोविडच्या काळात घरोघरी त्या तंत्राचं नाव पोचलं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, तुरळ, राजवाडी इथं गरम झरे आहेत. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. लोक तिथं त्वचारोग बरा व्हावा म्हणून अंघोळीला जातात. त्या पाण्याच्या काठावर कुजणाऱ्या पानांवर कोण काम करतंय, हे शोधणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे.

साशंक: शोधावं, जरूर शोधावं. पण पीसीआरची तुलना इथं लागू पडत नाही. तो एन्झाइम प्रयोगशाळेला थेंबाथेंबानं विकला जातो आणि एका थेंबात हजारो रुपयांचं काम होतं. इंधन ही बाजारातली स्वस्तातली स्वस्त वस्तू आहे. ती टँकरनं विकतात आणि लिटरमागे एक-दोन रुपयांवर कारखाना तरतो किंवा बुडतो. शोध तोच असला तरी वस्तू वेगळी आहे.

शिवाय टाकीच्या आत काय घडतं त्याहून टाकीच्या बाहेरचं मला जास्त सतावतं. इंडियन ऑइलचा पानिपतचा कारखाना घ्या. ऑगस्ट 2022 मध्ये पंतप्रधानांनी तो देशाला अर्पण केला. खर्च 900 कोटींहून अधिक. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला 2 लाख टन भाताच्या काडापासून 3 कोटी लिटर इथेनॉल हे त्याचं उद्दिष्ट. भागाकार केला तर टनाला दीडशे लिटर. आता ते 2 लाख टन कुठून येतात ते पाहा. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये शेतकऱ्याच्या हातात तीनेक आठवडे असतात. तेवढ्या दिवसांत बेलर मशीन शेतात पोचलं पाहिजे, गठ्ठे बांधले गेले पाहिजेत, ट्रॉलीत भरून यार्डात रचले गेले पाहिजेत. काड हलकं, जागा खाणारं. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन थोडं. पाऊस लागला की कुजतं, ठिणगी पडली की पेटतं, आणि वर्षभर सांभाळायचं. यातलं एकही काम जिवाणू करत नाही.

उत्साही: इथंच माझ्या मनातला खरा मुद्दा येतो. पानिपतला 2 लाख टन का लागतात? कारण आम्ल सहन करणारी यंत्रं, उच्च दाबाची वाफ, एन्झाइमची व्यवस्था, सांडपाण्याची व्यवस्था हे सगळं इतकं महाग आहे, की कारखाना लहान असून परवडतच नाही. कारखाना मोठा, म्हणून काड लांबून आणायचं. काड लांबून, म्हणून वाहतूक महाग. जिवाणूंकडून माझी अपेक्षा वेगाची नाही, ती आकाराची आहे. आम्ल गेलं, दाबाची भांडी गेली, एन्झाइमचं बिल गेलं, तर टाकी साधी होते. साठ अंशांवर हवेतले नेहमीचे जंतू तगत नाहीत, म्हणजे निर्जंतुकीकरणाचा बराच खटाटोप कमी होतो. मे महिन्यात आपल्याकडच्या डिस्टिलरीत आंबवणाऱ्या टाक्या बत्तीस-तेहतीस अंशांवर ठेवायला केवढं गार पाणी फिरवावं लागतं. साठ अंशांच्या टाकीला विदर्भातला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळासुद्धा थंडच. साधी टाकी तालुक्याच्या गावी बसू शकते. मग काड दहा-पंधरा किलोमीटरवरून येईल आणि उरलेला चोथा त्याच शेतांकडं परत जाईल.

साशंक: कल्पना मला पटते, आणि म्हणूनच तिची कच्ची बाजू बोलून दाखवतो. टाकी लहान होईल, पण इथेनॉल वेगळं करणारा मनोरा लहान केला तर लिटरमागे महाग पडतो. वॉश जितका पातळ, तितका तो आणखी महाग. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ निर्जळ लागतं, त्यासाठी आणखी एक टप्पा. वर अल्कोहोल म्हटलं की राज्य उत्पादन शुल्क विभागाचे परवाने आणि पहारा. तालुक्याच्या गावची लहान डिस्टिलरी या तिन्ही ओझ्यांखाली दबेल.

उत्साही: नवीन डिस्टिलरी कशाला हवी? महाराष्ट्रात साखर कारखाने तालुक्या-तालुक्यात उभे आहेत. बॉयलर आहे, अनेकांकडं डिस्टिलरी आहे, परवाना आहे, ऊस आणायची वाहनं आहेत, सभासद शेतकरी आहेत. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. पुढं यंत्रणेचा बराच भाग रिकामा बसतो. त्याच आवारात उष्णताप्रेमी जिवाणूंच्या टाक्या बसवल्या, तर पातळ वॉश तयार मनोऱ्याला जोडता येईल.

आणि गरजही आहे. इथेनॉल आज उसाच्या रसापासून, मळीपासून, तांदळापासून, मक्यापासून येतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात बंधन आणलं, कारण साखर कमी पडण्याची भीती होती. ते बंधन पुढं उठलं, पण धडा राहिला. जे इंधन ताटातल्या अन्नाशी स्पर्धा करतं, त्याचा पुरवठा एका पावसावर आणि एका आदेशावर हलतो. काडावरच्या इंधनाला ती भीती नाही. आपल्याकडं हे ज्ञान नाही असंही नाही. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज दहा टन काड पचवणारा प्रायोगिक प्रकल्प 2016 मध्ये उभा राहिला. प्राजचा असाच प्रायोगिक प्रकल्प 2017 मध्ये दौंडजवळ आला. ते जिवाणूंवरचे नव्हते, पण काड कसं हाताळायचं हे त्यातून शिकलेली माणसं महाराष्ट्रातच आहेत.

साशंक: साखर कारखान्यात कोणतं काड घालणार? बगॅस, म्हणजे उसाचा चोथा म्हणाल, तर तो टाकाऊ माल नाही. त्याच्यावर कारखान्याचा बॉयलर चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. पाचट म्हणाल, तर त्याचा पहिला मालक जमीन आहे. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरमागे आठ-दहा टन पाचट शेतात पडतं. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तरी चाळीस-पन्नास किलो होतं, पालाश त्याहून जास्त. खोडव्याच्या सरीत ते पसरून ठेवलं तर पाणी कमी लागतं, तण दबतं, माती भुसभुशीत राहते. आपल्या अनेक जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्काही उरलेला नाही. ज्या मातीला खायला नाही, तिच्या तोंडचा घास काढून गाडीच्या टाकीत घालायचा, याला मी प्रगती म्हणणार नाही.

उत्साही: तुम्ही सांगता ते पाचट शेतात राहिलं तर खरं. पण ते राहत नाही. टोळी पुढच्या फडाकडं गेली की संध्याकाळी बांधावरून काडी ओढली जाते. वाळलेलं पाचट फटाफट वाजत पेटतं, वाऱ्याबरोबर जाळ सरीसरीतून पळतो, अर्ध्या तासात अख्खा फड काळा होतो. बांधावरची झाडं करपतात, कधी ठिबकच्या नळ्या वितळतात, शेजारच्या उभ्या उसाला आग लागते. नत्र हवेत जातं, कर्ब हवेत जातो, मातीतले जीव भाजून निघतात. मग ते सगळं पाचट मातीलाच जायला हवं हा तुमचा आग्रह कागदावरच राहतो. त्यातला एक भाग घेऊन उरलेला सरीत ठेवण्याचा करार शेतकऱ्याशी झाला आणि त्याच्या हातात पैसे पडले, तर काडी ओढणारा हात थांबेल.

आणि पाचट सोडा, विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, घ्या. ती शेतात ठेवूच नये असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण गुलाबी बोंडअळी तिच्यातल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणजे पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढणं हेच पिकाच्या भल्याचं आहे. इथं माती आणि इंधन यांचं भांडण उरत नाही.

साशंक: पऱ्हाटीचा मुद्दा मी मान्य करतो. जमिनीच्या बाजूनं पाहिलं तर ती घेण्याजोगी आहे. मात्र जिवाणूच्या बाजूनं पाहिलं तर ती सर्वांत अवघड. काड मऊ, पऱ्हाटी जवळजवळ लाकूड. लिग्निन जास्त, साल चिवट. जे जिवाणू गवतावर अडखळतात, ते पऱ्हाटीवर काय करतील? शिवाय अनेक घरांत ती चुलीत जाते. बायका डोक्यावर भारे आणतात, पावसाळ्यासाठी रचून ठेवतात. कारखान्यानं ती विकत घेतली तर पैसे शेतमालकाला मिळतील आणि ज्या शेतमजूर बाईला ती फुकट मिळत होती, तिला गॅस विकत घ्यावा लागेल. पडून असलेल्या प्रत्येक वस्तूवर कुणाचा तरी न लिहिलेला हक्क असतो.

आणि आणखी एक वाट तुम्ही बाजूला ठेवली आहे. नेवाडा गावचा तो ड्यूपाँटचा कारखाना पुढं व्हर्बिओ या जर्मन कंपनीनं घेतला आणि तिथं मक्याच्या धाटांपासून मिथेन वायू करायला सुरुवात केली. त्याच कंपनीनं 2022 मध्ये पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथं भाताच्या काडापासून जैववायूचा कारखाना सुरू केला. अमेरिकेतलं सेल्युलोज-इंधनाचं जेवढं उद्दिष्ट भरलं, तेही मुख्यतः जैववायूनंच भरलं. वायू पाण्यातून आपोआप वर येतो, त्याला मनोरा लागत नाही, वाफ लागत नाही. पातळ वॉशची अडचण तिथं संपते. उरलेला चोथा खत म्हणून शेतात जातो. मग इथेनॉलचा हट्ट कशाला?

उत्साही: हट्ट जिवाणूंबद्दल आहे, इथेनॉलबद्दल नाही. जैववायूच्या टाकीतही पहिलं काम तेच असतं: सेल्युलोज फोडणं. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव सेल्युलोजला हात लावत नाहीत, त्यांना आधी कुणीतरी ते फोडून द्यावं लागतं. शेणाच्या टाकीत काड टाकलं की ते वर तरंगतं, त्याची साय धरते आणि आठवडेच्या आठवडे फुटत नाही. पंचावन्न अंशांवर चालणाऱ्या टाकीत हे काम उष्णताप्रेमी जिवाणूच करतात. थर्मोसेलमकडून आपण जे शिकलो, सेल्युलोसोम, मधेच दळणं, जिवाणूंना एकत्र नांदवणं, ते सगळं तिथं उपयोगी पडेल. तरीही द्रव इंधनाचा प्रश्न सुटत नाही. ट्रॅक्टर, बस, ट्रक वायूवर चालतील, कार विजेवर चालेल. लांब पल्ल्याच्या विमानाला मात्र द्रव इंधनच लागतं आणि इथेनॉलपासून ते बनवता येतं. त्या दिवसासाठी वाट मोकळी ठेवायला हवी.

साशंक: मग आपण दोघं सुरुवातीपेक्षा वेगळ्या जागी आलो आहोत. हे जिवाणू काड खातील का, हा प्रश्न मी आता विचारणार नाही. खातात, हे शंभर वर्षं माहीत आहे. माझा प्रश्न असा, की जिथं काड खरोखर शिल्लक आहे, तिथं तेच काड खाणारा जिवाणू आपल्याकडं आहे का? भाताचा पेंढा पंजाबात शिल्लक आहे आणि तो मऊ आहे. पऱ्हाटी विदर्भात शिल्लक आहे आणि ती कठीण आहे. पाचट मऊ आहे, पण त्यावर मातीचा हक्क आहे. या तिन्हींना एकच उत्तर मिळणार नाही.

उत्साही: आणि मी हे जिवाणू जग बदलतील असं म्हणणार नाही. इतकंच म्हणेन, की त्यांची परीक्षा आजवर चुकीच्या मैदानात घेतली गेली. पेट्रोलच्या भावाशी, प्रचंड कारखान्यात, यीस्टशी शर्यत लावून त्यांना हरवलं गेलं. लहान टाकी, जवळचं काड आणि परत जाणारा चोथा या तिन्ही अटी एकत्र ठेवून त्यांना अजून नीट तपासलेलं नाही. ती तपासणी झाली आणि ते तिथंही हरले, तर मी वाद सोडेन.

साशंक: ती तपासणी व्हावी, पण उघड्यावर व्हावी. आजवर प्रत्येक प्रकल्पाच्या उद्घाटनाला लिटरचा आकडा मोठ्यानं सांगितला गेला आणि बंद पडताना कारण हळू आवाजात सांगितलं गेलं. अपयशाचा हिशेब लोकांपुढं आला असता, तर पुढच्याला तीच चूक टाळता आली असती. जनतेचा पैसा लागला असेल तर तो हिशेब जनतेचाच आहे.

उत्साही: त्यावर आपलं एकमत आहे. उद्या तुमच्या तालुक्यात काडापासून इंधनाचा प्रकल्प येणार म्हणून सभा झाली, जिवाणूंचा असो, एन्झाइमचा असो की वायूचा, तर वाचकहो, तिथं उठून तीन गोष्टी विचारा. कोरड्या काडाच्या एका टनामागे प्रत्यक्षात किती इंधन निघालं? ते इंधन वेगळं करायला किती इंधन जाळलं? आणि ज्या शेतातून काड उचललं, त्या शेतात परत काय गेलं? या तिन्हींची उत्तरं आकड्यांत, लेखी, दरवर्षी देणाऱ्यालाच काड द्या.